कुंडीतल्या रोपानं मान टाकली? आधी माती बघा, पाणी नंतर

काल संध्याकाळी टवटवीत असलेलं बेसिल सकाळी कुंडीच्या काठावर लोळताना दिसलं की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. कधी तासा-दोन तासांत रोप पुन्हा ताठ उभं राहतं. कधी मात्र पाण्यानंतर ते आणखी मलूल होतं, म्हणून पुन्हा पाणी घातलं जातं, आणि आठवडाभरात देठ बुडापाशी काळे पडून सगळं संपतं. ‘रोज न चुकता पाणी घातलं, तरी मेलं,’ ही तक्रार घरात पुदिना, बेसिल, कोथिंबीर लावणाऱ्यांकडून सतत ऐकू येते. अशा बऱ्याच कुंड्यांमधलं रोप रोज पाणी घातल्यामुळेच मेलेलं असतं.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. तहानलेलं रोप आणि मुळं सडत चाललेलं रोप वरून जवळजवळ सारखंच दिसतं. दोन्हींची पानं लोंबतात, दोन्हींचे शेंडे वाकतात. उपाय मात्र नेमके उलटे आहेत. त्यामुळे रोप वाचवण्यातलं अर्धं काम पाणी घालण्याआधीच, निदानात होतं.

पान ताठ राहतं ते कशाच्या जोरावर?

मोठ्या झाडाचं खोड लाकडामुळे उभं राहतं. बेसिल, पुदिना, कोथिंबीर यांच्या कोवळ्या देठांत लाकूड जवळपास नसतंच. ती उभी असतात निव्वळ पाण्याच्या दाबावर. पानाच्या प्रत्येक पेशीत पाण्यानं भरलेली एक मोठी पिशवी असते आणि पेशीभोवती चिवट भिंत असते. आतलं पाणी भिंतीला बाहेर रेटतं, भिंत ते रेटणं सोसते, आणि पेशी टणक होते. सायकलच्या चाकाचा हिशेब असाच असतो: रबर तेच, पण हवा भरली की चाक माणसाचं वजन पेलतं, हवा गेली की रिम रस्त्याला टेकते. भरल्या पेशीतला दाब हवेच्या दाबाच्या काही पट, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो.

म्हणजे कोमेजणं ही दाब उतरल्याची खूण आहे. पेशी अजून मेलेल्या नसतात, फक्त सैल पडलेल्या असतात. म्हणूनच लोंबणारं, पण हिरवं आणि लवचीक पान परत उभं राहू शकतं. जे पान हातात कुरकुरीत लागतं, चुरगळलं की चुरा होतो, त्यातल्या पेशी फुटून वाळलेल्या असतात. ते काहीही केलं तरी परत येत नाही. बोटांनी पान दाबून हा फरक आधी करून घ्यावा, म्हणजे आशा कशाची ठेवायची ते कळतं.

एवढं पाणी जातं कुठे?

पानांच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूला, सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच आत येतो, पण रंध्र उघडं असलं की आतली वाफही बाहेर पडते. या प्रक्रियेचं नाव बाष्पोच्छ्वास. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असं हवेतच निघून जातं. रोपाच्या अंगी लागतं ते अगदी थोडं.

इंग्रज पाद्री स्टीफन हेल्स यांनी हे अठराव्या शतकातच मोजलं होतं. त्यांनी कुंडीतल्या सूर्यफुलाच्या मातीवर शिशाचा पत्रा बसवला, म्हणजे मातीतून वाफ जायला नको, आणि कुंडी रोज सकाळ-संध्याकाळ तोलली. १७२७ मध्ये छापलेल्या त्यांच्या नोंदींनुसार जेमतेम मीटरभर उंचीचं ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी अर्ध्या किलोहून अधिक पाणी हवेत सोडत होतं.

कुंडीतल्या लहान रोपाची अडचण इथे लक्षात येते. जमिनीतलं रोप पाणी कमी पडलं तर मुळं आणखी खोल नेऊ शकतं. कुंडीतल्या रोपाकडे ओंजळभर माती असते, आणि खिडकीतल्या उन्हात, पंख्याखाली किंवा एसीच्या कोरड्या झोतात ती दिवसात रिकामी होते. मुळांकडून येणारं पाणी पानांतून जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमी पडलं की दाब उतरतो आणि रोप मान टाकतं.

ओल्या मातीत तहानलेलं रोप

येणं कमी पडण्याची कारणं मात्र दोन आहेत. एक, मातीत पाणी नाही. दुसरं, पाणी भरपूर आहे, पण मुळांना ते घेता येत नाही. हे दुसरं कारण पटायला जड जातं, म्हणून त्यावर जरा थांबू.

मुळं जिवंत असतात आणि तीही श्वास घेतात. पानं प्रकाशात स्वतःपुरता ऑक्सिजन तयार करतात. मुळांना तो मातीच्या कणांमधल्या हवेतून घ्यावा लागतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती हीच स्थिती: कणांना ओल चिकटलेली आहे आणि मधल्या फटींत हवा खेळती आहे. कुंडीत पाणी साचलं की फटी पाण्यानं भरतात. पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. वरून हवा आत झिरपायच्या आत मुळांनी जवळचा ऑक्सिजन संपवलेला असतो.

मग दोन गोष्टी घडतात. पहिली लगेच. पेशींच्या आवरणात पाणी ये-जा करण्यासाठी प्रथिनांची बारीक दारं असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. (ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) ऑक्सिजन तुटला की मुळांच्या पेशींच्या आत आम्लता वाढते आणि ही दारं बंद होतात. चहूकडे पाणी असतं, पण ते आत येत नाही. वर पानं वाफ सोडतच असतात, म्हणून रोप कोमेजतं. आपण ते बघतो आणि आणखी एक तांब्या ओततो.

दुसरी गोष्ट सावकाश होते. गुदमरलेली मुळं मरायला लागतात, आणि पिथियमसारखे बुरशीसदृश जीव त्यांच्यावर चढतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे थबथबलेली कुंडी त्यांच्या सोयीचीच. पाणी शोषणारे बारीक मूलरोम आणि मुळांची टोकं आधी जातात. त्यानंतर वाफसा परत आला तरी पाणी ओढायला मुळंच पुरेशी उरलेली नसतात. सडलेल्या मुळांचं रोप सावरायला म्हणूनच आठवडे लागतात.

निदान कसं करायचं?

मातीत बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर बघून ठरवू नका. तो वाऱ्यानं वाळतो आणि खाली चिखल असू शकतो. आत कोरडं आणि भुसभुशीत लागलं तर तहान. गार, ओलं आणि चिकट लागलं, बोटाला माती लपेटून आली, तर पाण्याला हात लावू नका.

कुंडी उचलूनही बघा. कोरडी कुंडी इतकी हलकी लागते की आपल्यालाच आश्चर्य वाटतं. पाणी घातल्यावर एकदा आणि वाळल्यावर एकदा उचलून पाहिलं की हाताला अंदाज येतो. माझ्या मते बाजारातल्या ओलावामापक सुईपेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा असतो.

शंका राहिलीच तर देठाच्या बुडाशी धरून रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. अनेकांना याची भीती वाटते, पण मिनिटभरात रोपाला काही होत नाही. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि ताठ असतात. रोझमेरीसारख्या लाकडी रोपांची मुळं मुळातच तपकिरी असतात, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. सडलेलं मूळ मऊ पडतं, चिमटीत ओढलं की साल निघून हातात येते आणि आत बारीक दोरा उरतो. मातीलाही कुबट वास येतो.

पानांवरूनही थोडं कळतं. खालची पानं पिवळी पडत असून माती ओली असेल तर संशय मुळांवर. कडा वाळून कुरकुरीत झाल्या असतील तर बहुधा कोरड. पण पानांची साक्ष कच्ची. मातीची पक्की.

कोरडं पडलेलं रोप

हे काम तुलनेनं सोपं. फक्त एक फसवणूक टाळायची. पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) असलेलं कुंडीतलं मिश्रण पूर्ण वाळलं की आक्रसतं आणि पाणी अंगाला लागू देत नाही. वरून ओतलेलं पाणी मातीचा गोळा आणि कुंडी यांमधल्या फटीतून सरळ खाली निघून जातं. खालच्या बशीत पाणी दिसलं की आपल्याला वाटतं झालं, आणि गोळ्याचा गाभा कोरडाच राहतो.

म्हणून पाणी खालून द्या. बादलीत किंवा पसरट भांड्यात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत साधं पाणी घ्या आणि कुंडी त्यात ठेवा. तळाच्या भोकांतून पाणी वर चढतं. वरची माती ओलसर दिसायला लागली की काढा. बहुधा अर्ध्या तासात होतं. मग कुंडी जाळीवर किंवा तिरकी ठेवून जास्तीचं पाणी गळू द्या. रात्रभर तशीच पाण्यात विसरलात तर एक रोग बरा करताना दुसरा लावून घ्याल.

या काळात रोप उन्हातून काढून उजेडाच्या, पण सावलीच्या जागी ठेवा. पानांतून जाणारं पाणी कमी केलं की दाब लवकर भरतो. बेसिलसारखं रोप काही तासांत डोकं वर काढतं. दुसऱ्या दिवशी जे वाळकं राहिलं तेवढंच कापा. घाईनं सगळं छाटू नका, कारण आदल्या संध्याकाळी मेलेलं वाटणारं पान सकाळी उभं असू शकतं.

मुळं सडली असतील तर

इथे मूळ आणि पान यांचा हिशेब पुन्हा जुळवावा लागतो. रोप बाहेर काढा, चिखल झालेली माती झाडा, मऊ आणि काळी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा. जेवढी मुळं गेली त्या मानानं वरचा भारही कमी करा. साधारण तिसरा हिस्सा पानं आणि शेंडे काढले तरी चालतं. जीव खालीवर होतो, पण उरलेल्या थोड्या मुळांना तेवढीच पानं पोसता येतील.

नवी माती मोकळी हवी. कंपोस्टमध्ये जाडी वाळू, परलाइट किंवा कोकोपीट मिसळलेली चालेल. कुंडी जुन्याएवढी किंवा एक आकार लहान घ्या. मोठी कुंडी दिली की रोपाला मोकळं वाटेल असं आपल्याला वाटतं, पण त्या जादा मातीतलं पाणी प्यायला मुळं नसतात, आणि ती ओलीच राहते. एकदा पाणी द्या, सावलीत ठेवा, आणि दोन पेरं कोरडी होईपर्यंत पुन्हा देऊ नका. दोन आठवडे रोप जसंच्या तसं राहिलं तरी ती वाईट बातमी नाही. काम खाली चालू असतं. पहिलं नवं पान फुटलं की हळूहळू उन्हात न्या.

सडणं सुरू झालेलं नसेल, फक्त माती थबथबलेली असेल, तर एवढा खटाटोप नको. बशीतलं पाणी फेका, गोळा कुंडीतून काढून जुन्या वर्तमानपत्रावर किंवा फडक्यावर काही तास ठेवा, ओल शोषली जाईल, मग परत कुंडीत बसवा.

‘पण मी तर कालच विकत आणलं होतं!’

तयार कुंडीत मिळणारं भरगच्च बेसिल किंवा कोथिंबीर म्हणजे एक झुडूप नसतं. ती दाटीवाटीनं पेरलेली अनेक स्वतंत्र रोपं असतात. कुंडी लवकर भरलेली दिसावी म्हणून तशी पेरतात. सगळ्यांची मुळं त्याच मूठभर मातीत असल्यामुळे पाणी झपाट्यानं संपतं, आणि मधल्या रोपांना ना उजेड ना वारा. शिवाय ती नियंत्रित उबेत आणि दमट हवेत वाढलेली असतात. घरातली कोरडी हवा त्यांना झेपत नाही.

उपाय म्हणजे वाटणी. आधी पाणी द्या, तासाभरानं गोळा काढून हातानं तीन-चार भागांत फोडा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. काही मुळं तुटतील, दोन दिवस सगळंच मलूल दिसेल. तरी यातून वाचणारी रोपं मूळ गुच्छापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. बेसिल आणि पुदिना याला चांगला प्रतिसाद देतात. कोथिंबिरीला सोटमूळ असतं आणि ते हलवलेलं तिला आवडत नाही, म्हणून तिथे फोडण्याऐवजी दाटीतली काही रोपं मातीलगत कापून वापरून टाकावीत.

‘दुपारी तर ते रोजच मान टाकतं’

माती आत ओलसर असेल आणि संध्याकाळी रोप आपोआप उभं राहत असेल तर काळजी नको. कडक उन्हात पानांतून जाणारं पाणी निरोगी मुळांनाही भरून काढता येत नाही. ऊन उतरलं की हिशेब जुळतो. अशा वेळी पाणी ओतत राहिलं की धडधाकट रोप आजारी पडतं. सकाळीही ते लोंबलेलंच असेल तर मात्र तपासायला हवं. रात्री बाष्पोच्छ्वास मंदावतो, त्यामुळे सकाळ ही रोपाची सर्वांत भरलेली वेळ असते. तपासणीसाठी तीच वेळ धरावी.

‘अशक्त झालंय, थोडं खत देऊ का?’

नको. खत म्हणजे क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते ओढून घेणं आणखी अवघड जातं, आणि प्रमाण फार झालं तर पाणी मुळांतूनच बाहेर जायला लागतं. नवी वाढ नीट सुरू झाल्यावर पातळ करून द्यावं. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमलेली दिसत असेल तर क्षार आधीच जास्त आहेत. मग भरपूर साधं पाणी वरून सोडून ते खालून पूर्ण वाहून जाऊ द्यावं. अर्थात मुळं शाबूत असतील तरच.

‘तळाशी खडे घातले की पाणी साचत नाही ना?’

हा समज फार पक्का बसलेला आहे आणि चुकीचा आहे. बारीक कणांची माती केशाकर्षणानं पाणी धरून ठेवते, आणि खाली मोठ्या फटींचा थर आला की ते पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. मातीच्या तळाशी ओला पट्टा तयार होतोच. फरक एवढाच की खड्यांमुळे तो पट्टा वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर तळाला भोकं हवीत आणि माती मोकळी हवी. भोक नसलेल्या देखण्या कुंडीत रोप लावायचंच असेल तर आत भोकं असलेली साधी कुंडी ठेवा.

उन्हात पाणी घातलं तर थेंबांमुळे पानं जळतात, हा दुसरा समज. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तो तपासला तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांनी डाग पडले नाहीत. पानाला लव असेल आणि थेंब तिच्यावर अधांतरी राहत असेल तरच भाजण्याची शक्यता दिसली. भर उन्हात रोप तहानेनं कोमेजलं असेल तर संध्याकाळची वाट पाहू नका.

कोणतं रोप किती साथ देतं

पुदिना सर्वांत चिवट. त्याचे आडवे देठ मातीखाली पसरलेले असतात. वरचं सगळं वाळलं तरी मातीपासून बोटभर उंचीवर कापून ओलावा टिकवला, तर बहुधा नवे कोंब येतात. बेसिल लवकर कोमेजतं आणि लवकर उठतं. त्याचं मोठं वैर थंडीशी. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पानं काळी पडतात, आणि ते कोमेजणं पाण्यानं सुधारत नाही. रोझमेरी अगदी उलट. ती कोरड सोसते पण दाखवत नाही. पानं सुईसारखी कडक असल्यानं लोंबत नाहीत, आणि आपल्याला कळेपर्यंत ती ठिसूळ झालेली असते. तिच्या पानं गळलेल्या जुन्या लाकडातून नवी फूट क्वचितच येते.

कोथिंबिरीचं आयुष्यच मुळात छोटं. उष्णता वाढली की तिचा मधला देठ उंच जातो, पानं बारीक दोऱ्यांसारखी होतात आणि फुलं येतात. तिथून तिला मागे आणता येत नाही. हा आजार नाही, तिचा शेवटचा टप्पा आहे. बेसिललाही फुलं येऊन बी धरलं की पानांची वाढ मंदावते. मात्र फुलांचे शेंडे वेळेत खुडत राहिलं तर तो टप्पा बराच पुढे ढकलता येतो.

आशा संपली असं वाटतं तेव्हा

मुळं पार गेली असतील, पण एखादा शेंडा हिरवा असेल, तर रोप सोडा आणि शेंडा वाचवा. पुदिना आणि बेसिल दोन्ही पाण्यात मुळं धरतात. बोटभर लांबीचा शेंडा पेऱ्याच्या, म्हणजे पान जिथून फुटतं त्या सांध्याच्या, जरा खाली कापा. खालची पानं काढा, वर दोन-तीन जोड्या ठेवा, पेरं पाण्यात बुडेल असा ग्लासात उभा करा. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि थेट ऊन टाळा. एक-दोन आठवड्यांत मुळं दिसतात, ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की मातीत लावा. फार लांब वाढू दिली तर मातीत रुळायला जड जातात. कोथिंबिरीच्या बाबतीत हा प्रयोग करू नका, बी पेरणं सोपं.

देठ बुडापासून काळा आणि मऊ झाला असेल, नखानं खरवडल्यावर कुठेही हिरवं दिसत नसेल, तर ते रोप काढून टाकावं. त्या कुंडीतली माती दुसऱ्या रोपाला वापरू नका, पिथियमसारखे जीव तिच्यात टिकून राहतात. कुंडी साबणानं घासून, चांगली धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच पुन्हा भरा.